मेंदूचा खोडवा

श्रीपाल अण्णा कांदा खात न्हाईत, पर नाकानं सोलायला त्यांच्याएवढा पटाईत माणूस अख्ख्या कसबा बावड्यात गावायचा न्हाय. जैनाचं खातंपितं घर, उसाचं रान, साखर कारखान्याचे सभासद. वार्षिक सभेत माईक हातात आला की काढून घ्यायला चौघं लागतात. डॉक्टरला औषध सांगणार, गवंड्याला भिंत सांगणार. मी त्यांची शेजारीण लीला, चटणीची कांडप गिरणी चालवते. दिवसभर मिरचीच्या ठसक्यात उभी असते, पर ह्या माणसाचं बोलणं ऐकलं की जास्त खोकला येतो.

ह्यांची बायको प्रभावती अक्का. माझी जिवाभावाची. लग्न होऊन आली तवापासनं तिला कुणी काय बी विचारलं की उत्तर अण्णाच देणार. "अक्का, च्या घेणार का?" म्हणावं, तर हे पेपरातनं डोकं वर न काढता, "न्हाय घेत ती." अवो, तिला तोंड हाय की! मग ती परड्याच्या भिंतीपाशी येऊन माझ्याकडं च्या प्यायची आन् बोलायची. असली बोलायची की गिरणीवरची गिऱ्हाइकं मिरच्या विसरून हसत बसायची.

जेठ सरता सरता अक्काला झटका आला. मेंदूत गुठळी. जीव वाचला, चालणं बी वाचलं, वाचा तेवढी गेली. समजायचं सगळं, पर शब्द सापडायचा न्हाय. तांब्याकडं बघून ओठ हलवायची, नुसतं "प... प..." निघायचं आन् डोळे भरायचे. दवाखान्यातल्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सांगितलं, "पहिले काही महिने फार मोलाचे आहेत. रोज बोलतं करा. शब्द सापडेपर्यंत थांबा, मध्ये तुम्ही सांगू नका. आत्ता वेळ घालवलात तर पुढं अवघड जाईल." अण्णांना थांबा म्हणतीया ही बाई, माझ्या मनात आलं. हिला माणूस कळलेलाच न्हाय.

त्यातच समाजाच्या हॉलमधी अण्णांच्या पुतणीचा सत्कार झाला. आदिती पुण्यात मेंदूवर संशोधन करती. शाल-श्रीफळ झाल्यावर पोरीनं सोप्या भाषेत सांगितलं. मेंदूत निरोप वाहून नेणाऱ्या चेतापेशी असतात, आन् त्यांच्या संगतीला ग्लिया नावाच्या पेशी. लई वर्षं शास्त्रज्ञ समजत होते की ग्लिया म्हंजे नुसता डिंक, फटी बुजवायला. पर वाढ पुरी झालेल्या उंदराच्या मेंदूत बी एका कोपऱ्यात ग्लियासारख्याच काही पेशींतनं नव्या चेतापेशी जन्माला येतात. अण्णांनी ऐकलं ते हितपर्यंत. पुढं ती म्हणाली, "मोठ्या माणसात हे होतं का, किती होतं, यावर अजून वाद आहे. आणि झटक्यानं मेलेला भाग असा आपोआप भरून येत नाही." तवर अण्णा फोटोत मधोमध उभं राहायची तजवीज करायला उठले होते.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या हळकुंडानं पिवळे होऊन गिरणीवर हजर.

"लीला, ऊस तोडला तरी बुडखा जिता असतोय. त्यातनं आपोआप फुटतोय, त्याला खोडवा म्हणत्यात. व्हय का न्हाय? फुटवे येईस्तवर रानात पाय घालायचा न्हाय. मेंदूचं तसंच हाय. आमच्या आदितीनं सिद्ध केलंय."

"अवो अण्णा, ती उंदराचं बोलली."

"उंदराला फुटतंय, आन् माझ्या बायकोला फुटत न्हाय व्हय?"

"आन् खोडव्याला पाणी-खत लागत न्हाय का?"

"तू चटणी कांड," म्हणाले आन् गेले.

वाचा शिकवणाऱ्या बाईंना दारातनंच परत धाडलं. चातुर्मास लागल्यावर बस्तीत, म्हंजे त्यांच्या देवळात, जाऊन नियम घेतला: प्रभावती चार महिने मौन पाळणार. मौन तिचं, नियम घेतला ह्यांनी! पुण्य बी मिळंल आन् मेंदूला विसावा बी. बाया येऊन अक्काच्या पाया पडायच्या, "केवढा संयम बाई!" बिचारी काय सांगायला तोंड उघडायची, की अण्णांचं बोट ओठावर. माझं रगात उसळायचं. असल्या भक्तीला काय जाळायचंय?

एकदा अण्णा रानात गेलेत असं बघून मी परड्यात गेलते. जास्वंदीचं फूल तिच्यापुढं धरलं. "अक्का, हे काय?" तिनं ओठ जुळवले. "फ... फ..." येत होतं, देवाशप्पथ येत होतं. तेवढ्यात मागनं आवाज आला, "लीला! रान तुडवू नगंस!" आन् परड्याचं दार लावून घेतलं. मी गिरणीत येऊन रडले, आन् आदितीला फोन लावला.

ती क्षमावणीला आली. दशलक्षण पर्व सरल्यावर जैन माणसं त्या दिवशी एकमेकांपुढं हात जोडतात, वर्षभरात मनानं, वाचेनं, देहानं कुणाला दुखावलं असंल त्याची माफी मागतात. अण्णा सोप्यात बसून येईल त्याला "उत्तम क्षमा" म्हणत होते, वर "हिच्यातर्फे बी." अक्का शेजारी, मुकी.

"काका, काकूंना मौन? हे कुणी सांगितलं?"

"तूच की! तुझंच संशोधन!"

पोरगी पांढरीफटक पडली. "मी उंदरांबद्दल बोलले होते. काकूंच्या मेंदूत जे शाबूत आहे त्यालाच नव्या वाटा पाडायच्या होत्या. त्या बोलून पडतात काका, गप बसवून नाही. तुम्ही मोलाचे महिने घालवलेत."

सोपा भरलेला. अण्णांनी इकडं तिकडं बघितलं. चारचौघांत शोभा नगं म्हणून असंल, पर बायकोपुढं हात जोडले. "प्रभावती, उत्तम क्षमा." आन् श्वास बी न घेता लोकांना म्हणाले, "केली तिनं."

आदितीनं हात आडवा घातला. "थांबा. त्यांना बोलू द्या."

नाइलाजानं थांबले. अक्का ओठ जुळवत होती. कपाळावर घाम आला, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. शेवटी निघालं.

"न्हाय."

अण्णा कसंनुसं हसले आन् लोकांकडं वळले. "तिला व्हय म्हणायचंय. शब्द चुकतोय अजून."

अक्कानं त्यांची बाही धरली आन् त्यांना आपल्याकडं वळवलं.

"न्हाय," ती म्हणाली.