गुडघ्यावरची नोकरी

मोशीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. लातूरकडच्या शाळेच्या मैदानावर व्हॉलीबॉल शिकलेला, इतका उंच की गुडघे समोरच्या सीटला टेकायचे. कंपनीने त्याला खेळण्यासाठीच घेतलं होतं. टीममधून गेला की कामावरूनही गेला. माणसाचं पोट त्याच्या गुडघ्याला टांगणाऱ्या या कंत्राटाला इथे नोकरी म्हणतात!

बस थांबली की तो सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचा आणि दांडी धरून, तिरका होत, एकेक पायरी उतरायचा. मी विचारलं, तेव्हा हळूच म्हणाला, "उडी अजून येते, भावा. खाली येताना जीव जातो. कुणाला बोलू नको."

एका सकाळी बस थांबली, तेव्हा टीमचा मॅनेजर गेटवरच उभा होता. दारात दांडी धरलेला तो दिसताच ओरडला,

"काय राव, म्हातारा झालास का? सोमवारी फिटनेस टेस्ट आहे!"

"आत्ताच घ्या की, साहेब!"

हसतच त्याने बसच्या वरच्या पायरीवरून थेट जमिनीवर उडी मारली. मॅनेजर खूश झाला. जमिनीवर पाय टेकताच त्याने खाली उभ्या असलेल्या माझ्या खांद्यावर दोस्तासारखा हात टाकला होता. मॅनेजर आत जाईपर्यंत त्याची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती. मीही हसत राहिलो, कारण मॅनेजरला माझा चेहरा दिसत होता.