ओरडणारी पाहुणी

“तुम्हाला अभिनय करायची गरजच नाही. आहात तशाच या. फक्त ओरडा.”

सेन्सेई, म्हणजे आमचे जपानी मास्तर, सगळ्या वर्गासमोर हे म्हणाले. हसत. आणि माझ्या हातात पुठ्ठ्याचं एक कार्ड ठेवलं. त्यावर माझी भूमिका. भारतीय पाहुणी. उशिरा येते. मोठ्याने बोलते. खोलीच्या भाड्यात घासाघीस करते. खाली कंसात: साडी.

वर्ग हसला नाही. सगळ्यांनी माना खाली घालून ते वहीत उतरवून घेतलं. हसले असते तर बरं झालं असतं.

नव्वदचं दशक संपत आलेलं. नवरा बँकेतर्फे टोकियोत, घर निशी-कसाईला. मी मुंबईत ट्रॅव्हल कंपनीत काम केलेली बाई. जळणारा कचरा, न जळणारा कचरा निवडत किती दिवस काढणार? जपानी शिकले. अशी शिकले, की स्टेशनवर घोषणा करणाऱ्या बाईचा घसा बसला असता तर माणूस मलाच बोलवायला आला असता. मग एका विद्यापीठात पर्यटनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. हॉटेलच्या काउंटरमागे उभं राहायचं, डोक्यात एवढंच.

तिथे शिकवणं म्हणजे नाटक. दोन बाकं जोडून काउंटर, त्यावर पितळी घंटी, समोर सोफा. झालं हॉटेल! एकाने कर्मचारी व्हायचं, एकाने पाहुणा. काउंटरवाल्याच्या छातीवर नावाची पट्टी. पाहुण्याला पट्टी नाही. दर आठवड्याला भूमिका बदलायच्या. सगळ्यांच्या. माझी सोडून.

मी ओरडायचे. खोलीत वास येतो. चहा गार आहे. टब लहान आहे. समोरची मुलं कमरेत वाकून माफी मागायची. वाकायचे कोनही ठरलेले. सेन्सेई बाजूने डोकं तिरपं करून तपासायचे, गवंडी भिंत बघतो तसे. त्या वर्षात माझ्यापुढे इतकी डोकी वाकली की एखाद्या जागृत देवस्थानाने जळून खाक व्हावं. वाढवून सांगतेय, पण थोडंच. आणि त्यातलं एकही डोकं माझ्यासाठी वाकत नव्हतं. वाकत होतं ते कार्डावरच्या बाईला.

वर्षाखेरीला मोठं सादरीकरण होतं. शहरातल्या हॉटेलांचे साहेब बघायला येणार, आणि काउंटरवर जे शोभून दिसतील त्यांना प्रशिक्षणाला उचलणार. सोफ्यावरून कुणाला उचलत नाहीत.

“सेन्सेई, त्या दिवशी तरी मला काउंटर मिळेल का?”

त्यांनी दातांतून हवा आत ओढली. इथे अशी हवा ओढली की समजावं, दार बंद.

“जरा अवघड आहे. काउंटरमागे तुम्ही दिसलात तर पाहुणे गोंधळतील.”

घरी नवऱ्याला सांगितलं. तो आमटीत भात कालवत म्हणाला, “अगं, नाटकच तर आहे. एवढं काय मनाला लावून घेतेस?”

“तुझ्या साहेबाने तुला रोज शिपायाचं नाटक करायला लावलं तर?”

“मलाच कशाला लावेल?”

“तुला शोभेल म्हणून.”

त्याचा हात ताटात थांबला. शोभण्याची गोष्ट त्याला ठाऊक होती.

चौथीतलं गॅदरिंग. राणीचं भाषण मला तोंडपाठ, पण राणी झाली डॉक्टरांची मुलगी. बाई मला म्हणाल्या, “तू झाडूवाली हो. तुला शिकवायला नको.” माझी आई नगरपालिकेत झाडूकामाला होती. आमचं आडनाव ऐकलं की लोक पाण्याचा पेला लांबून ठेवायचे. मग मी स्टेज असं झाडलं, असं झाडलं, की पहिल्या रांगेतले पाहुणे शिंकून शिंकून खुर्च्यांवरून घसरले, आणि राणीच्या तोंडून शिंकेशिवाय शब्द निघेना. टाळ्याच टाळ्या! ही गोष्ट मी वर्षानुवर्षं हसत सांगत आले. दर वेळी शिंका वाढवत.

पण त्या दिवशी, नवऱ्याच्या थांबलेल्या हाताकडे बघताना, मला मागच्या रांगेतली आई दिसली. तिचे हात मांडीवर, एकावर एक. तिने टाळी वाजवली नव्हती.

आहात तशाच या. तुला शिकवायला नको. एवढा समुद्र ओलांडून आले, आणि वाक्य तेच!

सादरीकरणाच्या दिवशी मी साडी नेसले नाही. बाकीच्या मुलींसारखाच काळा सूट घातला. काउंटरवर मोरी-सान, वर्गातली सगळ्यात गुणी मुलगी. पहिल्या रांगेत काळ्या कपड्यांतले साहेब. मी सोफ्यावर बसले.

“काही अडचण आहे का?” मोरी-सानने विचारलं.

“नाही. खोली छान आहे. आभारी आहे.”

ती सवयीने कमरेत वाकली. “मनापासून माफी मागते.”

“कशाबद्दल?”

माफीचे सगळे कोन तिला पाठ होते. तक्रारच नसेल तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. ती अर्धी वाकून तशीच राहिली. पडद्याआडून सेन्सेई फुसफुसले, “ओरडा! ओरडा ना!”

“ओरडण्यासारखं काही घडलेलं नाही, सेन्सेई.” हे मी मोठ्याने म्हणाले. तेवढी एक ओळ कार्डाप्रमाणे झाली.

मग उठले. बाकांना वळसा घालून काउंटरमागे गेले. “मोरी-सान, तुम्ही बसा. आता पाहुण्या तुम्ही.” ती बावरून सोफ्याच्या कडेला टेकली. मी वाकले. अचूक. वर्षभर समोरून बघितलं होतं सगळं. “आपलं स्वागत आहे.”

सेन्सेईंनी पुढे येऊन घंटी वाजवली. वेळ संपली म्हणे.

साहेबांनी मोरी-सानला उचललं. मला नाही. कॉरिडॉरमध्ये सेन्सेई अतिशय सभ्यपणे म्हणाले, “पुढच्या सत्रात तुमच्यासाठी भूमिका नाही.”

घरी येऊन ते कार्ड उलटं केलं. कोऱ्या बाजूवर माझं नाव लिहिलं. जपानी लिपीत, ठसठशीत, आडनावासकट. तेच आडनाव, ज्याच्यासाठी पेला लांब ठेवला जायचा. सेफ्टीपिनने छातीवर लावलं.

ठरवलं. टोकियोतल्या हॉटेलांची दारं एकेक करून ठोठावायची, हीच पट्टी लावून. कुणी सोफा दाखवला तर बसायचं नाही. काउंटरमागेच उभं राहायचं.

पाहुणे गोंधळले तर गोंधळू देत.