डिसेंबरातला कूलर

या ग्रुपवर मी तीन वर्षांपासून आहे, आणि खरं सांगायचं तर तुमचे अनुभव वाचून हसण्यासाठीच आहे. पांढरी साडी, पैंजण, वळणावरची बाई... जेवणाच्या सुट्टीत मी ते गोदामातल्या लोकांना मोठ्याने वाचून दाखवायचो. आज मीच लिहितोय म्हटल्यावर आधी तेच हसतील. हसू द्या. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. फक्त एक गोष्ट उरली आहे, तिचं काय करायचं ते कळत नाही.

मी नागपूरचा. वाडीला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामाचा इन्चार्ज, वय अठ्ठेचाळीस. घर अमरावती रोडपासून दोन गल्ल्या आत. घरात मी आणि बायको सुनंदा. मुलगी पुण्याला शिकते.

नागपूरकर मार्चपासून जवळपास दिवाळीपर्यंत कूलरच्या आवाजातच जगतो. मग एका रविवारी कूलर पुसायचा, पाणी काढायचं, वर प्लास्टिक बांधायचं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विसरून जायचं. मागच्या वर्षी मी तो बांधला आणि त्याच दुपारी डाव्या कुशीवर पडलो, तर कोणीतरी मोजत होतं. संथ, एका लयीत. आवाज माझ्या बाबांचा होता.

बाबांना जाऊन एकोणतीस वर्षं झालीत.

बाबा पारशिवनीकडचे. खळ्यावर धान मोजून द्यायचं त्यांचं काम. या मोजण्याची एक रीत असते. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन, चार... वीस मापं झाली की 'खंडी भरली', खुणेसाठी मूठभर धान बाजूला, आणि पुन्हा लाभपासून. मोजणाऱ्याला मध्ये हाक मारायची नाही. मारली तरी तो खंडी भरेपर्यंत उत्तर देणार नाही.

मी एकोणीस वर्षांचा होतो. डबा घेऊन खळ्यावर गेलो होतो, भूक लागली होती, धीर नव्हता. म्हणालो, "बाबा, चला नं, जेवाले." ते सतराव्या मापावर होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि तसेच धानाच्या राशीवर कोसळले. वय अठ्ठेचाळीस. गावात कोणी अटॅक म्हटलं, कोणी आणखी काही. तपासलं कोणीच नाही. मी मात्र माझ्यापुरतं कारण ठरवून टाकलं होतं, आणि त्याबद्दल घरात कधी बोललो नाही. सुनंदाला एवढंच ठाऊक होतं की सासरे अचानक गेले.

तर आता तोच आवाज. लाभ, दोन, तीन... सतरापर्यंत जायचा, तुटायचा, आणि पुन्हा लाभ. गोदामातल्या गोंगाटात काही नाही. घरी शांत झालं की सुरू. पंधरा दिवसांनी मी हरलो आणि कूलरचं प्लास्टिक सोडलं. पाणी न टाकता नुसता पंखा सुरू केला. त्या घरघरीत मोजणी बुडायची आणि मला झोप लागायची. डिसेंबरात, नागपूरच्या थंडीत!

"अहो, काहून लावला हा? दोन रजयांत कुडकुडून राहिली मी," सुनंदा म्हणायची.

"आवाज पाहिजे मले."

"कायचा आवाज?"

"तुले नाही समजणार वं. झोप तू."

शेजाऱ्यांना खिडकीतून कूलर ऐकू जायचा. गल्लीत चर्चा व्हायला वेळ लागत नाही. त्यात मी चिडचिडा झालेलो, एकदा गोदामात सगळ्यांसमोर एका म्हाताऱ्या हमालावर ओरडलो, कारण तो पोती मोजत होता. सुनंदाचा भाऊ राजू आला. त्याने आधी गंमत करून पाहिली. "भाऊजी, या वयात होते असं. मी नाही का चाळिशीत बुलेट घेतली? तुम्ही कूलर घेतला!" मी हसलो नाही. तेव्हा तो गंभीर झाला आणि त्यानेच मनोविकारांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर माणूस म्हणून चांगले होते, हे आधी सांगतो. सुनंदाने पहिल्यांदा कूलरचंच सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं. मग मी म्हणालो, वडिलांचा आवाज येतो, ते एक ते सतरा मोजतात. 'लाभ' वगैरे सांगितलं नाही. एसी केबिनमध्ये खळं कुठून समजावत बसणार?

"वडील कितव्या वर्षी गेले?"

"अठ्ठेचाळीस."

"आणि तुमचं वय?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी हाक मारली होती तेही मग माझ्या तोंडून निघालं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मी तिथे लहान मुलासारखा रडलो. डॉक्टर म्हणाले, अपराधी भावना आहे, मधलं वय आहे, वडिलांच्या वयाला पोचल्याची भीती आहे, त्यातून डिप्रेशन आणि भास. मला पटलं. इतकं नीटनेटकं कारण हातात दिल्यावर कोणाला पटणार नाही? पण बाबा नेमके कशाने गेले, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या कानात कोणी डोकावलं नाही.

गोळ्यांनी जीभ जड झाली. वर्धेचा माल मी अमरावतीच्या गाडीत चढवला, मग मालकाने सुट्टीवर पाठवलं. मोजणी मात्र तसूभरही कमी झाली नाही. डोस वाढला. फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले, भरती करू, देखरेखीखाली औषध बदलू. मला भयंकर भीती वाटली. मरणाची नाही, याची की आता माझ्या कोणत्याच बोलण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. डोकं दुखतं म्हटलं तरी तोही भासच ठरेल. आणि डोकं खरोखर दुखत होतं.

भरतीच्या आदल्या दुपारी लाइन गेली. कूलर थांबला. मी कान दाबून पलंगावर बसलो. सुनंदा माझी बॅग भरत होती, ती हातातला टॉवेल ठेवून जवळ आली.

"सुरू झालं काय?"

मी मान हलवली. तिने मला आडवं केलं, स्वतः शेजारी पडली आणि माझ्या डाव्या कानामागे आपला कान टेकवला. बराच वेळ तशीच राहिली. उठली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अहो... मलेही ऐकू येऊन राहिलं."

तिने बॅग रिकामी केली. त्याच संध्याकाळी मला आमच्या गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांकडे नेलं, जे फक्त सर्दी-तापाचे म्हणून आम्ही कोणी मोजतच नव्हतो. तिने त्यांना एवढंच सांगितलं, "इथं कान लावून पाहा." त्यांनी कानामागे स्टेथोस्कोप ठेवला, दुसऱ्या हाताने माझी नाडी धरली आणि म्हणाले, "हे डोक्यातलं वेड नाही गा, हे डोक्यातलं रक्त आहे. नाडीसंगे आवाज करून राहिलं."

स्कॅनमध्ये डाव्या बाजूला रक्तवाहिन्यांचा गुंता निघाला. कधीही फुटला असता. मांडीतल्या नसेतून नळी घालून तो बंद केला. शुद्धीवर आलो तेव्हा डोक्यात एवढी शांतता होती की मी घाबरलो.

ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी समजावलं. रक्ताची फसफस नाडीच्या लयीत येते, मेंदू तिला ओळखीचा आवाज देतो. बाबांनाही हेच असेल का? असेल, नसेल, आता कोणी सांगू शकत नाही. मला पुरेसं होतं. (आणि हे वाचून कोणी आपल्या गोळ्या बंद करू नका. गोळ्यांनी वाचलेली माणसं मी पाहिली आहेत. फक्त नीट तपासून घ्या.)

गोष्ट इथेच संपली असती, तर मी इथे लिहिलंच नसतं.

मागच्या रविवारी आम्ही दोघं कूलर लावत होतो. मी जाळीत नवं गवत भरत होतो, सुनंदा पाइप धरून उभी होती. मध्येच म्हणाली, "एक विचारू? बाबा एकच्या जागी 'लाभ' काहून म्हणत होते?"

माझे हात थांबले. "तुले कोणी सांगितलं?"

"सांगितलं कोणी नाही. ऐकलं नं मी. त्या दिवशी." तिने पाइप खाली टाकला. "तुम्ही पहिलेच गोळ्यांनी अर्धे झाले होते, म्हणून बोलली नाही. लाभ, दोन, तीन... सतरापर्यंत. तुमच्याच वयाच्या माणसाचा आवाज."

एकोणतीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा आवाज तिने कधी ऐकलेला नव्हता. आमचं लग्नच नंतरचं.

"आणखी?"

"ऑपरेशनला नेत होते तवा तुम्ही गुंगीत होते, स्ट्रेचरवर मी एकदा अजून कान लावला. तवा सतरावर नाही थांबले. अठरा, एकोणीस, वीस. मग म्हणाले, खंडी भरली. अन् मंग म्हणाले, चाल, जेवाले. कोणाले म्हणत होते हो?"

मी पुन्हा जाळीत गवत भरू लागलो. रक्ताची फसफस माझ्या मेंदूने बाबांची केली, मान्य. सुनंदाच्या मेंदूने कोणाची केली? मला हे कोणी समजावून सांगू शकलं तर सांगा, मी हसणार नाही.

सध्या बेचाळीस डिग्री आहे आणि गल्लीत सगळ्यांचे कूलर सुरू आहेत. दुपारी सुनंदा झोपली की मी आमचा बंद करतो आणि डाव्या कुशीवर पडून राहतो. काही ऐकू येत नाही.