वाल्मिकनानांचा अंगठा

खर्ड्यात आणि आजूबाजूच्या गावांत घरात भांडण पेटलं की नवराबायको एकमेकांच्या आधी वाल्मिकनानांच्या नावानं बोटं मोडतात. कारण सोयरीक नानांनी जुळवलेली असते. नाना मध्यस्थ आहेत. पैशाला हात लावत नाहीत, लग्नातल्या टोपी-टॉवेलाच्या मानावर खूश असतात, आणि चहा पितात. यातलं चहाचं फार महत्त्वाचं आहे.

आमच्याकडं मुलगी बघायला गेलं की आधी पाणी येतं, मग चहा, मग बोलणी, आणि जमतंय असं दिसलं तर पोहे. मध्यस्थानं चहा घेतला म्हणजे त्याच्या पोटात काही लपलेलं नाही असं समजायचं. मागं एका बैठकीत नानांनी कप तसाच ठेवला, टोपी घातली आणि उठले. तोंडातून एक शब्द काढला नाही. पुढं चौकशीत निघालं की नवरदेवानं दारूपायी अर्धी जमीन फुंकली होती. पोरगी वाचली. तेव्हापासून लोक नानांच्या तोंडाकडं बघत नाहीत, कपाकडं बघतात.

मी नानांचा शेजारी, माझी पिठाची गिरणी आहे. तीन तिगाडा काम बिघाडा, म्हणून मुलगी बघायला जाताना माणसं तीनच भरली की नाना मला चौथा म्हणून गिरणीतून उचलतात. कपडे झटकायलाही वेळ देत नाहीत. त्यामुळं पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय, नाना काहीही सांगोत.

गेल्या उन्हाळ्यात नानांना नवी चप्पल चावली. उजव्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेचना. हळद झाली, कोरफड झाली, कुणीतरी सांगितलेला पाला झाला. शेवटी चांगुणावहिनींनी नवऱ्याला जवळजवळ ओढत जामखेडला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर भयंकर वाढली आहे. गोळ्या घ्या, तोंड आवरा, नाहीतर दिवाळीनंतर याल तेव्हा अंगठा इथंच ठेवून जावं लागेल. येताना नाना जीपमध्ये सगळ्या रस्त्यानं अंगठ्याकडं बघत बसले होते. एवढी वर्षं सोबत आहे, पण याच्याकडं कधी नीट बघितलंच नाही, असं वहिनींना म्हणाले.

मग नानांनी सुधारायचं मनावर घेतलं. आता नानांना थोडक्यात काही करता येत नाही. कारल्याचा रस सुरू झाला, मेथीचं पाणी सुरू झालं. मोबाईलवर कुणा बाबाचं बघून ते ओट्यावर बसून पोट आत ओढायला लागले आणि आमची शेळी बुजायला लागली. सात धान्यांचं पीठ माझ्याकडूनच दळून नेलं. त्याची भाकरी तव्यावरून उचलताना तुटायची आणि खाताना मात्र तुटायची नाही.

नगरहून मऊ बूट आणले आणि एके दिवशी पहाटे नाना किल्ल्याच्या अंगानं झपाझप चालत निघाले. आमच्याकडं नानांच्या वयाचा माणूस पहाटे असा तरातरा निघाला, तर त्याचा अर्थ एकच होतो. मळ्यातून कुणीतरी विचारलं, "नाना, कोन गेलं?" नानांना धाप लागलेली, त्यांनी नुसता हात पुढं केला. ऊन वर यायच्या आत पंचे टाकून माणसं गिरणीपुढं जमली आणि माती किती वाजता आहे ते मलाच विचारायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना कळलं की नाना नुसतेच चालतात. मग प्रत्येक वस्तीवरून हाक येऊ लागली, घोटभर चहा घेऊन जावा म्हणून. नानांना नाही म्हणता येत नाही. फिरून घरी येईस्तोवर पूर्वी दिवसभरात जायचा त्याहून जास्त चहा पोटात गेलेला असायचा. आठवडाभरात रस बंद पडला, बूट फळीवर गेले आणि अंगठा होता तसाच राहिला.

तेव्हा चांगुणावहिनी बोलल्या. "आवं, तुमी समदं एकदम धरता आन् समदं एकदम सोडता. एकच धरा. च्यात साखर न्हाई. ते जमलं की मंग फुडचं बघू."

मला विचाराल तर एवढ्या दिवसांत त्या घरात बोललेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य होतं. घरात ते चाललंही. आठ दिवस तोंड वाकडं करून नाना बिनसाखरेचा प्याले आणि मग विसरून गेले. पंचाईत होती ती बाहेरची. साखरेचं त्यांनी गावात कुणाला कळू दिलं नव्हतं. दुसऱ्यांच्या पोरांची हमी देत फिरायचं आणि आपलंच रक्त बिघडलेलं, हे सांगायचं कोणत्या तोंडानं, असं त्यांचं म्हणणं. मला तेवढं माहीत होतं, कारण आमची भिंत सामायिक आहे.

अशात रंगूबाईच्या हर्षलला जामखेडपलीकडचं एक स्थळ आलं. हर्षलचं वेल्डिंगचं दुकान, पोरगा कष्टाळू, पण हल्ली शिपाई असला तरी नोकरीवालाच लागतो. वडील नाहीत. रंगूबाई दोन वर्षं स्थळं शोधून थकली होती. ती, हर्षल, नाना आणि चौथा मी, असे आम्ही गेलो. मुलीचे वडील काकासाहेब दारापर्यंत सामोरे आले. सगळं झकास चाललं होतं. मग त्यांची ज्योती ट्रे घेऊन आली. दाट दुधाचा, वर साय धरलेला, आल्याचा वास सुटलेला चहा. नानांनी कपाकडं बघितलं, मग खाली अंगठ्याकडं बघितलं, आणि कप हळूच बाजूला सरकवला.

काकासाहेबांनी तोंडाजवळ नेलेला कप खाली ठेवला. आत फोडणीचा वास येत होता, तो यायचा थांबला. म्हणजे कुणीतरी गॅस बंद केला. हर्षलच्या कपाळावर घाम आला आणि रंगूबाई आपल्याच पोराकडं अशी बघायला लागली, की हा दुकानामागं काय करतो कुणास ठाऊक. नानांच्या काहीच लक्षात आलं नव्हतं. मोह जिंकल्याच्या समाधानात ते पाऊसपाण्याचं विचारत बसले होते. शेवटी काकासाहेब म्हणाले, घरात विचार करून कळवतो. मी नानांना कोपर मारलं आणि कप दाखवला.

तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी कप उचलला. खरं सांगायचं तर मला नानांची फार दया आली. एका घोटात सगळं मिटलं असतं. पण डॉक्टरांनी सांगितलेली दिवाळी डोळ्यांपुढं होती आणि जखम अजून ओली होती.

इतक्यात दारात उभी असलेली ज्योती बोलली. "नाना, पोरात काय खोट आसंल तर तोंडावर सांगा. कप सरकवून कळवू नगा."

नानांनी कप खाली ठेवला. मग सरळ पाय पुढं केला आणि पट्टी सोडून अंगठा सगळ्यांच्या मधोमध, पोह्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या जागेवर ठेवला.

"पोरगं सोन्यावानी हाय, बाई. खोट माझ्यात हाय. मला साखर हाय, आन् ह्यो अंगठा चाललाय. च्या प्यायलो तर ह्यो जातो, न्हाई प्यायलो तर तुमची सोयरीक जाते. आता तूच सांग."

काकासाहेबांनी वाकून अंगठा नीट बघितला. मग त्यांनी आपलाही कप दूर सारला आणि खालच्या आवाजात म्हणाले, मलाही आहे, दोन वर्षं झाली, गोळ्या गोठ्यात ठेवतो. आवाज खालचा होता, पण आत पोचला. ज्योतीची आई उलथनं घेऊनच बाहेर आली, आणि पुढचा बराच वेळ मुलगी बघायचा कार्यक्रम बाजूला राहून काकासाहेबांना बघायचा कार्यक्रम झाला.

ज्योतीनं सगळे कप उचलले आणि नवीन चहा करून आणला, बिनसाखरेचा, सगळ्यांनाच. तिच्यादेखत नानांनी तो तळापर्यंत प्याला. मग पोहे आले.

आता नाना निघायच्या आधी फोन करून चहाचं सांगतात. जीप वेशीवर सोडून घरापर्यंत चालत जातात, आणि मलाही उगाच चालवतात. नागपंचमीला पुरणाची दिंडं खाल्ली ती खाल्लीच, मी खोटं कशाला बोलू. पण दिवाळीनंतर डॉक्टरांनी पट्टी सोडली, दाबून बघितलं आणि परत बांधली नाही.

हर्षलचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं. नाना नवी चप्पल घालून आले होते, या खेपेला एक नंबर मोठी. अक्षता पडल्या, जोडपं पाया पडत फिरत नानांपुढं आलं. ज्योती वाकली ती लवकर उठेचना. तिनं मेंदीच्या हातानं नानांचा उजवा अंगठा धरून जरा दाबला आणि खालूनच विचारलं, "हाय ना नाना, जाग्यावर?"

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान डोलावली.