जिलेबीचा डोस

नंदनवनच्या बगिच्यात सकाळी फिरायला येणारी आमची शुगरवाल्यांची टोळी म्हणजे निव्वळ मूर्खांचा बाजार. चालायचं नावाला, सगळा जीव फाटकाबाहेरच्या तर्री-पोह्यांत आणि जिलेबीत. त्यात एक रिटायर्ड हेडक्लार्क. कुठे लग्नाचं जेवण असलं की हे महाशय सकाळीच एकाच्या जागी दोन गोळ्या घेत, म्हणजे गोड खायला मोकळे! मी हटकलं, तर मलाच म्हणाले, "गोळी घेतली ना गा, मंग काहून भेऊन राहिला?"

अशाच एका लग्नाच्या दिवशी दोन गोळ्या घेऊन ते उपाशीपोटी तरातरा चालत सुटले. जेवणासाठी पोटात जागा ठेवायची होती ना! अर्ध्या वाटेत घामाघूम झाले, हातपाय थरथरायला लागले आणि मटकन बाकावर बसले. शुगर उतरली होती. मीच धावत जाऊन जिलेबी आणली, भरवली. थोड्या वेळाने गडी ताजातवाना.

आता तरी अक्कल येईल, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर प्रत्येकाच्या हातात जिलेबीचा पुडा.

"खरं औषध हेच होय गा," हेडक्लार्क सगळ्यांना सांगत होते. मला बघताच त्यांनी बोट दाखवलं. "इचारा याले. यानंच तर देल्लं मले!"