गौतमकाकांचा आवाज त्या डब्यात आहे

सकाळी गौतमकाका गेले आणि दुपारी तुम्हा सगळ्यांच्या स्टेटसला रडू फुटलं.

कालपर्यंत कुठं होता रे?

तेरला स्टँडामागं काकांची रेकॉर्डिंगची खोली. भीमजयंती जवळ आली की गायनपार्ट्या तिथंच रांग लावायच्या.
मग धाराशिवात नवा स्टुडिओ निघाला आणि ह्याच पार्ट्या हसायला लागल्या.

"काका, कम्प्युटर बदला न्हायतर धंदा बदला!"

काकांचा कम्प्युटर म्हणजे जुना डबा, लिनक्सवर चालायचा, आणि रेकॉर्डिंगचा प्रोग्राम जुनाट. तो उघडला की साउंडकार्ड एकटाच धरून बसायचा. प्लेयरवर म्युझिक लावा, चूं नाही.
मग म्युझिक मोबाईलवर, एका कानात इअरफोन, आणि गा.

नवा प्रोग्राम घ्यावा, तर काकांचं आयुष्यभराचं काम जुन्यातच साठवलेलं. दुसऱ्यात उघडायचंच नाही.

मी कॉलेज सोडून घरी बसलेलो. गाव म्हणायचं, वाया गेला.
काका म्हणाले, "रिकामा हायेस ना? मग हे बघ."

बघितलं. तो प्रोग्राम सुरू करायच्या कमांडआधी एक शब्द जोडला, बस्स. त्याला वाटतं कार्ड आपल्याच मुठीत. खरं तर आवाज मधला दुसराच प्रोग्राम घेतो आणि सगळ्यांचा मिळून बाहेर सोडतो.
नवा आयकॉन करून दिला.

पण काकांचा हात जुन्या आयकॉनवरच. मग फोन.

"पोरा, मुका झाला की रं पुन्हा!"
"काका, जुना दाबला तुम्ही!"
"मग जुना ठिवलास कशाला, गाढवा?"

जुना उडवला. त्या दिवशी काका पहिल्यांदा स्वतः गायले.
जन्मभर दुसऱ्यांना रेकॉर्ड केलं. स्वतः गायचा विषय निघाला की म्हणायचे, एका कानानं सूर सापडत न्हाय.
कोरसला त्यांची भाची, प्रज्ञा.

मी तिच्याकडंच बघत होतो. काकांनी हेडफोन काढला.
"तू बी त्या प्रोग्रामासारखाच. धरलं की सोडत न्हाईस. तिनं न्हाय म्हणलंय ना?"

आज काकांना न्यायच्या आधी त्यांचा पुतण्या म्हणतो, "डबा फॉरमॅट मारतो. गेम टाकतो."

म्हणून डबा मी उचलून आणलाय.
चोर म्हणा. घरी या. दार उघडंच आहे.

काहीजण म्हणतील, ह्याला काकांचं काय, पोरीचा आवाज पाहिजे.
प्रज्ञा, तू ब्लॉक केलंयस, पण कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवेलच. तुझा आवाज वेगळ्या ट्रॅकवर आहे. नुसता तेवढा काढून मोबाईलमध्ये ठेवता आला असता.
हात तिथपर्यंत गेला.
ठेवला नाही.

त्या दिवशीचे सगळे ट्रॅक मिळून एकच गाणं बाहेर काढलंय. आता डबा घेऊन जा, काय मारायचं ते मारा.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला काका स्वतः गातील. हसणाऱ्या पार्ट्यांनी पुढं बसायचं. आणि गाणं चालू असताना एकानं जरी मोबाईल वर काढला, तर हातातनं घेऊन फोडीन.

काका, शेवटचा जयभीम घ्या.