डावीकडचं दार

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, तरी यवतमाळात गादी भरून घ्यायला कुणी येईना. लोकांनी लग्नंच पुढे ढकलली, आणि ज्यांनी केली त्यांनी फोमची गादी आणली. गुलाम नबी पिंजारी अडुसष्टाव्या वर्षी रिकामे झाले. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान; तिथं कापूस पिंजायचं त्यांचं माणसाएवढं धनुष्य खुंटीला लटकलं, आणि खाली खाटेवर बायको अमिनाबी खोकत पडली. छातीत कापसाची धूळ बसली आहे, असं डॉक्टर म्हणाले. श्वासाचे व्यायाम करवून घ्या म्हणाले.

गंमत बघा, श्वासाचे व्यायाम शिकायला लोक नबीचाचांकडेच येत होते. ही करणी नीळकंठबाबूंची. बाबू कचेरीतून निवृत्त झालेले, जिना चढताना धापा टाकणारे. शेवटची गादी भरून घ्यायला आले, तर धनुष्याच्या दोरीला दिवसभर ठोके मारूनही या म्हाताऱ्याला धाप नाही, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी खोदून खोदून विचारून ती विद्या काढून घेतली. तेव्हापासून शाळेच्या मैदानावर रोज सकाळी दहा-बारा माणसं हातात नसलेलं धनुष्य धरून उभी राहत. कचेरीची सवय सुटते थोडीच? बाबूंनी नियम पाटीवर लिहून काढले होते. भार टाचेवर. ठोका देताना श्वास सोडायचा. मान डावीकडे वळवून नवा घ्यायचा. दमायच्या आधी थांबायचं.

चाचांना हे सगळं बापानं दहाव्या वर्षी शिकवलेलं. "हात नाही मारत बेटा, श्वास मारते," बाप म्हणायचा. त्यात साधना वगैरे काही नव्हतं, धूळ छातीत जाऊ नये एवढंच.

अमिनाबीला मात्र शिकायचं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही, म्हणून चाचा सुरुवातीला हसले. मग हसू आटलं. रात्रभर तिच्या खोकल्याला जागायचं आणि सकाळी दुसऱ्यांच्या छात्या मोकळ्या करायच्या, याचा त्यांना वीट आला होता. ती एकदा नीट श्वास घेऊन झोपली असती, तर त्यांनी मैदान कायमचं सोडलं असतं.

एका सकाळी बाबूंनी विचारलं, "चाचा, मान डावीकडेच काहून वळवायची? उजवीकडे चालत नाही?"

"दुकानात दार डावीकडं व्हतं ना. वारा तिकडून ये."

"आणि धूळ?"

"धूळ उजवीकडं जाय. कोपऱ्यात."

"कोपऱ्यात काय होतं?"

"अमिना बसे," चाचा म्हणाले. "खोळी शिवत."

चाचांचा हात हवेतच राहिला. चाळीस वर्षं त्यांनी दाराकडून श्वास घेतला होता आणि बायकोच्या अंगावर सोडला होता. त्या दिवशी वर्ग अर्ध्यातच सुटला.

घरी येऊन ते खाटेशी बसले.

"अमिना, धूळ तुह्याकडं येत व्हती."

"मले मालूम व्हतं."

"मंग बोलली काहून नाही?"

"जागा कुठं व्हती दुसरी?" ती खोकली, थांबली. "आन् तुमचा दम गेला असता, तर लेकरायनं खाल्लं काय असतं?"

चाचा उठले. त्यांनी खाट ओढत ओढत दाराशी नेली, अमिनाबीचं तोंड वाऱ्याकडे केलं. ती कुरकुरली, मग पडून राहिली. चाचा त्या उजव्या कोपऱ्यात जाऊन बसले. इतक्या वर्षांत ते तिथं कधी बसले नव्हते. तिथून दार बघावं म्हणून त्यांनी मान वळवली, तर समोर ते लटकलेलं धनुष्य आणि त्यांची स्वतःची उभं राहायची जागा. दार त्यामागे होतं. ते तिथं उभे असताना कोपऱ्यातून दार दिसणं शक्यच नव्हतं.